वळण आणि काळ : उतारवयातली आपली ओळख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर मुलांना वळण लावण्याचे काम केले. त्यामुळे यंदाच्या व्याख्यानाचे बोलावणे आले तेव्हा विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. लहानपणी लागलेले वळण माणसाला कुठवर पुरते? मधल्या काळात जग पार पालटून गेले, तर त्या वळणाचे काय होते? आणि साठी-सत्तरीला पोचलेला माणूस ‘मी असा आहे’ असे ठासून सांगतो, तेव्हा त्या ‘मी’मध्ये घराचा वाटा किती, काळाचा किती आणि त्याचा स्वतःचा किती? आज या तीन प्रश्नांवर बोलायचे आहे.

आपल्याकडे या प्रश्नांची दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर म्हणते, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पाच-सात वर्षांपर्यंत जे घडले ते घडले. दुसरे उत्तर म्हणते, जसा काळ तसा माणूस; परिस्थिती बदलली की माणूसही बदलतो. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. पहिल्यात माणूस लहानपणीच संपतो. दुसऱ्यात तो वाऱ्यावर सोडलेला असतो. दोहोंतही त्याला स्वतःला करण्यासारखे काही उरत नाही.

मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. लहानपणी घरातून आपल्याला दोन गोष्टी मिळतात. काय मानायचे हे मिळते आणि कसे वागायचे हे मिळते. पहिलीला आपण मते म्हणू, दुसरीला रीत. काळाचा घाव बहुतेक वेळा मतांवर पडतो आणि ती मोडतात. रीत मात्र चिवट असते. बोलण्याची ढब, पैसा हाताळण्याची सवय, कष्टाकडे पाहण्याची नजर, कोणापुढे हात पसरायचा आणि कोणापुढे नाही याची आतली जाणीव, हे सारे मागे उरते. बदललेला काळ या उरलेल्या रीतीपुढे नवे काम ठेवतो. ते काम अंगावर घ्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. उतारवयातली माणसाची ओळख या ठरवण्यातून तयार होते.

हे नुसते म्हणून चालणार नाही, दाखवावे लागेल. त्यासाठी मराठीत फार मोठे भांडार आहे. आपल्या भाषेत माणसांनी, आणि विशेषतः बायकांनी, आपल्या आयुष्याचे हिशेब प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहेत. त्यांतली काही आयुष्ये आज आपण पाहू.

सुरुवात धोंडो केशव कर्व्यांपासून करतो. जन्म १८ एप्रिल १८५८, कोकणातल्या शेरवलीचा. बालपण मुरुडचे. घर गरिबीचे, पण कुळाचा अभिमान जपणारे. कर्व्यांनी आत्मवृत्तात एक आठवण सांगितली आहे. बडोद्याच्या गायकवाडांकडून ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाणार आहे असे कानावर आले आणि घरातल्या मुलांना ती आणायला जावेसे वाटले. त्या घरात ती रक्कमही मोठी होती. पण आईने साफ नकार दिला. आपल्या घराण्याने दक्षिणेसाठी हात पसरायचा नाही, हे त्या माउलीने मुलांच्या मनावर कायमचे कोरले.

आता हाच मुलगा पुढे काय करतो ते पाहा. १८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई गेल्या. त्याच वर्षी ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. विधुराने कुमारिकेशी लग्न करायचे ही त्या काळाची सर्वमान्य चाल. कर्व्यांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या गोदूबाई या बालविधवेशी लग्न केले. त्या पुढे आनंदीबाई किंवा बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. मुरुडने बहिष्कार टाकला. सख्ख्या आईच्या घरी मोकळेपणाने राहता येईना. ज्या गावाने घडवले त्याच गावाने दार लावून घेतले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला, आणि तिथून ते चिखल तुडवत फर्ग्युसनपर्यंत शिकवायला जात राहिले.

मुरुडची मते गळून पडली. विधवेने कसे जगावे, कोणी कोणाशी लग्न करावे, याविषयी त्या गावाने जे शिकवले होते त्यातले फारसे काही उरले नाही. पण मुरुडची रीत जशीच्या तशी राहिली. काटकसर राहिली. पै-पैचा हिशेब ठेवण्याची सवय राहिली. पायी चालण्याची सवय तर मुलकी परीक्षेसाठी मुरुडहून कुंभार्ली घाटाच्या वाटेने साताऱ्यापर्यंत चालत गेलेल्या मुलाची होती. आणि हात न पसरण्याची शिकवण? तिचे काय झाले? ज्या मुलाला दक्षिणेसाठी हात पसरू दिला नव्हता, तो मोठेपणी संस्थेसाठी वर्षानुवर्षे वर्गणी मागत हिंडला, सत्तरी उलटल्यावर युरोप, अमेरिका, आफ्रिका असा फिरला. वरवर पाहता हा आईच्या शिकवणुकीचा भंग आहे. माझ्या मते तो तिचाच विस्तार आहे. स्वतःसाठी मागायचे नाही हे इतके पक्के होते, म्हणूनच दुसऱ्यासाठी मागताना संकोच वाटला नाही आणि देणाऱ्यालाही संशय आला नाही. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले आणि १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यासाठी १५ लाख रुपये देऊ केले. त्या देणगीमागे मुरुडच्या त्या आईचा नकारही उभा होता, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट. कर्व्यांचे मोठेपण आपण बहुधा १८९३ आणि १९१६ या दोन सालांशी आणून थांबवतो. पुढचे बघा. १९३६ मध्ये, वय ७८, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. १९४४ मध्ये, पंच्याऐंशी उलटून गेल्यावर, समता संघ स्थापन केला. तरुणपणी विधवांचा प्रश्न हाती घेतला तेव्हा तो मुख्यतः आपल्याच समाजातल्या, आपल्याच घरांतल्या दुःखाचा प्रश्न होता. म्हातारपणी त्यांना दिसले की स्त्री-पुरुष, जात, धर्म या सगळ्या विषमता एकाच मुळाच्या आहेत. एवढे दिसायला त्यांना एवढे वय लागले, आणि दिसल्यावर ते गप्प बसले नाहीत. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले तेव्हा देशाने एका वृद्धाचा सत्कार केला. पण तो वृद्ध पंच्याऐंशीच्या पुढेही घडत होता, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

त्याच घरातला दुसरा नमुना रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांचे बालपण सुधारकाच्या घरातले. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, खटले सोसले, नोकरीवर पाणी सोडले. संस्कार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त जुने, सोवळे घर येते. पण बंडाचेही वळण लागते. वडिलांकडून मुलाकडे आली ती एकट्याने उभे राहण्याची रीत. ती घेऊन मुलगा वडिलांच्या पुढे, त्या पिढीला न पेलणाऱ्या प्रश्नांपर्यंत गेला.

आता लक्ष्मीबाई टिळकांकडे वळू. त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे कमालीचे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, कोणाची सावली पडायची नाही. १८५७ च्या धामधुमीनंतर कुटुंबावर जो घाला पडला त्याने वडिलांच्या मनात ही विटाळाची धास्ती बसली. म्हणजे बघा, काळ आणि संस्कार हे दोन वेगळे डबे नव्हेत. एका पिढीवर काळाने केलेली जखम पुढच्या पिढीला संस्कार म्हणून मिळते. मुलाला वाटते हा घरचा धर्म आहे. प्रत्यक्षात ती बापाची भीती असते.

अशा घरातली मुलगी अकराव्या वर्षाच्या आसपास नारायण वामन टिळकांच्या घरी आली. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या काही वर्षे नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्यांच्याकडे परतल्या, पण सोवळे पाळून, स्वयंपाक वेगळा ठेवून. मग हळूहळू त्यांच्या मनात प्रश्न उगवला की माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने. उत्तर मिळाल्यावर त्यांनी सोवळे सोडले, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे फरफटत त्या गेल्या नाहीत. स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला गेल्या. त्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट.

शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून त्यांचे भाग प्रसिद्ध होऊ लागले, आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. ते पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की त्यातली भाषा एका ख्रिस्ती बाईची, एका ब्राह्मण घरातल्या मुलीची, अशी वेगळी काढून दाखवता येत नाही. ती नाशिककडच्या माजघरातली जिवंत मराठी आहे. टिळकांनी सुरू केलेले आणि त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, ते ओवीत. ज्या ओवीत त्यांच्या आया-आज्यांनी दळण दळले आणि पोथ्या ऐकल्या, त्याच ओवीत त्यांनी येशूचे चरित्र गायले. देव बदलला, गळा तोच राहिला. बापाची भीती त्यांनी टाकली, आईची भाषा राखली. काय टाकायचे आणि काय राखायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

श्रोतेहो, इथवरची मांडणी ऐकून कोणालाही रास्त आक्षेप घेता येईल. कर्वे काय, टिळक काय, त्यांना घरातून मिळालेल्या ठेव्यात टाकण्यासारखे होते तसे राखण्यासारखेही पुष्कळ होते. ज्यांच्या वाट्याला बालपण म्हणून अपमानच आला, त्यांनी काय राखायचे? या प्रश्नाला बगल देऊन या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. दया पवार १९३५ चे, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याला जाहीर केले की मी हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे या मुलाचे आयुष्य आणि नवा काळ बरोबरच सुरू झाले. बालपण गावातल्या महारवाड्यात आणि मुंबईच्या कावाखान्यात गेले. पुढे शिक्षण, सरकारी नोकरी, कवी म्हणून नाव, असा रस्ता पार करून चाळिशी ओलांडलेला हा माणूस आत्मकथन लिहायला बसला, तेव्हा त्याने एक विलक्षण रचना केली. पुस्तकात दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. दोघे एकच आहेत. तरी त्यांना दोन करावे लागले.

हे नुसते लेखनतंत्र नव्हते. समाजाने दिलेले बालपण आणि स्वतः मिळवलेले प्रौढपण यांत इतके अंतर पडले होते की एका ‘मी’मध्ये ते मावत नव्हते. दगडूला विसरून दया पवार होणे शक्य होते; अनेकांनी आडनाव बदलून, वस्ती बदलून तसे केलेही, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पवारांनी दगडूला खुर्ची दिली, बोलू दिले. त्यात काही गोड नव्हते. लाज होती, राग होता, आपल्याच माणसांविषयीची कडवट माया होती. पण त्यानंतर मराठीत आपली कहाणी सांगण्याची जी रांग लागली, तिने सबंध समाजाला आरशासमोर उभे केले.

बेबीताई कांबळे १९२९ च्या. फलटणच्या. त्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले ते कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून, छोटे दुकान चालवता चालवता. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तक झाले. त्या पुस्तकात ‘मी’ फार थोडा आहे. आहे तो ‘आम्ही’. त्यांच्यासाठी स्वतःची ओळख वस्तीच्या ओळखीपासून सुटी नव्हतीच. बाबासाहेबांच्या हाकेने मुलांना शाळेत घालणाऱ्या, मेलेल्या जनावराचे मांस सोडणाऱ्या, देव्हारे रिकामे करणाऱ्या बायकांची ती सामुदायिक आठवण आहे. शिकलेल्या पुढच्या पिढीला मागचे आठवेनासे झाले तर चळवळीचे मूळच सुकेल, या काळजीने त्या लिहीत होत्या. लिहून त्या थांबल्या नाहीत. फलटणजवळ निंबुऱ्याला त्यांनी मुलांसाठी आश्रमशाळाही काढली.

या दोघांनी आपल्याला एक गोष्ट शिकवली. बदललेला काळ आपला आज बदलतो, तसेच आपले गेलेले बालपणही बदलून टाकतो. घडून गेलेल्या घटना तशाच राहतात, त्यांचा अर्थ बदलतो. विहिरीवरून हाकलले जाणे हे लहानपणी नशीब वाटत होते. आंबेडकरी विचार आल्यावर तोच प्रसंग अन्याय म्हणून दिसू लागला. नशीब निमूटपणे सोसायचे असते. अन्यायाविरुद्ध उभे राहता येते. चवदार तळे, येवला आणि १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर यांनी लाखो माणसांचे बालपण असे मागे जाऊन पुन्हा वाचायला लावले. ज्यांच्या वाट्याला अपमान आला त्यांनी काय राखायचे, असे आपण विचारले होते. त्यांनी आठवण राखली, आणि त्या आठवणीला काम दिले.

इथे समाजशास्त्राची थोडी मदत घेऊ. ग्लेन एल्डर या अमेरिकन अभ्यासकाने १९७४ मध्ये महामंदीच्या काळातल्या मुलांवर ग्रंथ लिहिला. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची मुले १९२०-२१ च्या सुमारास जन्मलेली. मंदी कोसळली तेव्हा ती जाणत्या वयात येत होती. घराला हातभार लावायला ती बाहेर पडली, आणि त्यांच्यातली पुष्कळ मुले पुढे जबाबदार, खंबीर निघाली. पुढच्या अभ्यासातली बर्कलीची मुले १९२८-२९ ची. मंदीत ती अगदी लहान होती. घराला मदत करण्याचे त्यांचे वय नव्हते. नुसता ताण झेलण्याचे होते. त्यांच्यातल्या मुलग्यांना त्याची झळ जास्त बसली. पण पुढे सैन्यात गेलेल्यांतल्या अनेकांना तिथे सावरायला संधी मिळाली. एकच आपत्ती, पण ती कोणत्या वयात गाठते यावर तिचा ठसा ठरतो, आणि तो ठसाही शेवटचा नसतो.

आपली महामंदी म्हणजे १९७२ चा दुष्काळ. आज साठी-सत्तरीत असलेला मराठवाड्यातला, सोलापूर-सांगलीच्या पूर्व भागातला, नगर जिल्ह्यातला माणूस त्या दुष्काळाचा माणूस आहे. जो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता, तो आईबापाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला, नालाबांध घालायला, पाझर तलावाची माती वाहायला गेला. मस्टरवर त्याचे नाव लागले, हातात आठवड्याचा पगार आला. जो चार-पाच वर्षांचा होता, त्याच्या आठवणीत सुकडीची चव आहे, मिलोची लाल भाकरी आहे, आणि दावणीची जनावरे विकून परत आलेल्या बापाचा चेहरा आहे. पहिल्याला त्या दुष्काळाने सांगितले, हातपाय हलवले तर निभते. दुसऱ्याला सांगितले, सगळे कधीही जाऊ शकते. हे सख्खे भाऊ असू शकतात, आणि म्हातारपणी पैसा, पाणी, धान्य यांविषयी त्यांचे स्वभाव इतके वेगळे का, याचे कोडे घरातल्या सुनांना आणि नातवंडांना पडू शकते.

ताटात अन्न टाकल्यावर चिडणारे आजोबा, रिकाम्या पिशव्या आणि दोऱ्या जपून ठेवणारी आजी, ही घराघरांतली माणसे आहेत. त्यांना कंजूष म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी योजना दिली, १९७७ चा कायदा दिला, आणि पुढे साऱ्या देशाला त्या वाटेने जावे लागले. जी काटकसर घरात किरकिर म्हणून ऐकू येते, तीच गावाच्या पाणलोटाच्या कामात शहाणपण ठरते. अनेक गावांत पाण्याचा थेंब अडवायला पहिल्यांदा उभे राहिले ते हेच दुष्काळ पाहिलेले लोक. पुन्हा तेच सूत्र: रीत तीच, काम नवे.

आता शेवटच्या उदाहरणाकडे येतो. ते इतिहासातले नाही. या सभागृहात बसलेल्या अनेक भगिनींच्या आयुष्यातले आहे.

१९५० च्या सुमारास जन्मलेली, विशीत लग्न होऊन सासरी गेलेली बाई डोळ्यांसमोर आणा. मुलगी हे परक्याचे धन, हे तिने लहानपणापासून ऐकले. माहेर म्हणजे दिवाळीची साडीचोळी, भाऊबीज, पहिले बाळंतपण आणि अडीअडचणीला उघडे राहणारे एक दार. जमीन भावांची, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. १९५६ च्या कायद्याने ती वडिलांच्या वाट्याची वारस होती, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत तिला भावासारखे स्थान नव्हते. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने मुलींना ते स्थान दिले, केंद्राच्या अकरा वर्षे आधी. मात्र त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. म्हणजे आपली ही बाई बाहेरच. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची ती अट गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही.

या बाईच्या बाजूने विचार करून पाहा. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कायदा तिला सांगतो की तू त्या घरात पाहुणी नव्हतीस, जन्मानेच बरोबरीची हिस्सेदार आहेस. तिचे सबंध बालपण उतारवयात नव्याने समोर उभे राहते. त्याच सुमारास वडील जातात, तलाठ्याकडे वारसनोंद होते, फेरफारात बहिणींची नावे लागतात आणि भावाचा फोन येतो, ताई, एक दिवस तालुक्याला येऊन जा, सही करायची आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयार असते.

ती सही करते. बहुतेक जणी करतात. का करतात याचे उत्तर अज्ञान नाही. त्यांना कायदा ठाऊक असतो. सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीती असते. भावावरची माया खरी असते. आणि सगळ्यांत खोल असते ते लहानपणी मिळालेले शिक्षण, की चांगली बहीण मागत नाही. कर्व्यांच्या आईची शिकवण आणि ही शिकवण वरून सारख्या दिसतात. दोन्ही सांगतात, मागू नकोस. पण त्या आईने मुलाला दुसऱ्याच्या दानावर जगण्यापासून रोखले. इथे मुलीला तिच्याच वाट्यापासून रोखले जाते. एका शिकवणीत स्वाभिमान आहे, दुसरीत स्वतःला पुसून टाकणे आहे. संस्कार तपासायला लागतात ते यासाठी. नुसते जुने म्हणून कुठलाही संस्कार वाईट ठरत नाही आणि घरचा म्हणून पवित्रही ठरत नाही. तो माणसाला ताठ उभा करतो की वाकवतो, एवढे पाहायचे.

काही बहिणी आता वेगळे वागू लागल्या आहेत. कोणी सही करायला नकार देते. कोणी वाटा घेऊन तो पुन्हा भावाला कसायला देते, पण सातबारावर आपले नाव राहू देते. कोणी आपल्या मुलीला सोबत नेऊन तिच्यासमोर बोलणी करते. साठीनंतर घेतलेला असा निर्णय लहान नसतो. त्याने भाऊबीज एखाद्या वर्षी चुकते, फोन बंद होतात. तरीही ती बाई त्या दिवसापासून स्वतःला वेगळी दिसते, आणि तिच्या नातीला तर फारच वेगळी दिसते. उतारवयात ओळख घडते असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

आता सार सांगतो. आपण सगळे कुणाच्या तरी भीतीचे, कुणाच्या तरी अभिमानाचे आणि कुणाच्या तरी मायेचे वारस आहोत. ते निवडण्याची मुभा आपल्याला नव्हती. काळ बदलला, तोही आपल्याला विचारून बदलला नाही. पण या दोन्हींचा हिशेब मांडण्याचे वय एकच, आणि ते म्हणजे उतारवय. तरुणपणी हे करायला फुरसत नसते आणि अंतरही नसते. साठीनंतर दोन्ही मिळते. हा हिशेब न मांडता जो नुसते ‘आमच्या वेळी’ म्हणत राहतो, तो आपले बालपण जपत नाही, त्यात अडकून पडतो. आणि जो ‘आता सगळे बदलले’ म्हणून मागचे सारे झटकतो, त्याच्या हाती देण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून माझी ज्येष्ठांना हात जोडून विनंती आहे. लिहा. छापण्यासाठी नको, घरासाठी लिहा. लिहिता येत नसेल तर नातवाच्या फोनवर बोला, तो ध्वनिमुद्रण करील. वंशावळ आणि मानमरातब यांच्या पलीकडचे सांगा. घरात कोणाला पाण्याला शिवू देत नव्हते, कोणत्या बहिणीची शाळा का सुटली, कोणत्या वर्षी काय विकले, कोणत्या गोष्टीची भीती घातली गेली आणि ती खरी होती का, हे सांगा. त्यातले काय तुम्ही टाकले आणि काय राखले, तेही सांगा. लक्ष्मीबाईंनी आणि बेबीताईंनी हे केले तेव्हा त्यांच्याजवळ पदव्या नव्हत्या.

आणि तरुणांना सांगणे असे की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला संपलेले पुस्तक समजू नका. त्यांना उपदेश विचारू नका, त्यांच्या निर्णयांविषयी विचारा. तुम्ही हे असेच का केले, आज पुन्हा कराल का, हा प्रश्न आपल्या आजीला फार थोड्या जणांनी विचारला आहे. तो विचारला गेला तर तिला स्वतःलाही नवे काही सापडेल. आणि तुम्ही सत्तरीला पोचाल तेव्हा तुमच्याही वळणाला काळाने पुरते उलटेपालटे केलेले असेल. त्या वेळी कसे उभे राहायचे, हे शिकायला जवळचे दुसरे ठिकाण नाही.

गुरुजींनी मुलांना वळण लावले असे मी सुरुवातीला म्हणालो. शिक्षकाचे काम त्याच्या विद्यार्थ्यांच्या विशीत दिसत नाही, साठीत दिसते. त्यांचे विद्यार्थी आज त्या वयात या सभागृहात बसले आहेत. त्यांनी मिळालेले वळण तपासून घ्यावे, त्यातले माणसाला ताठ उभे करणारे असेल ते पुढे द्यावे, वाकवणारे असेल ते आपल्याशीच थांबवावे. एका पिढीने दुसरीसाठी करण्यासारखे याहून मोठे काम मला माहीत नाही, आणि त्याला निवृत्तीचे वय नाही.